अर्ध्या मेंदूचा पहारा

"तुम्ही या इमारतीत नुकतेच राहायला आलात का?" डॉ. रेणुका गंधे यांनी विचारलं.

"चार वर्षं झाली," दौलतराव मेश्राम म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यावर तीन माणसांच्या झोपेचे आलेख होते: दौलतरावांचा, त्यांची मुलगी यशोधरा रामटेके हिचा आणि यशोधरेच्या लेकीचा, उत्पलाचा. तिघं नागपूरला वर्धा रोडवरच्या 'सुखवास' कंपनीच्या उंच इमारतीत भाड्यानं राहत होती. त्या सुमारास शहरातली निम्मी तरुण कुटुंबं अशा कंपन्यांच्या इमारतींत राहायची. घर घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं, आणि भाड्याचं घर रंगरंगोटीसकट तयार मिळत होतं. झोपेच्या अभ्यासासाठी माणसं हवीत असं इमारतीच्या सभागृहात जाहीर झालं, तेव्हा यशोधरेनं सगळ्यांची नावं दिली होती. कपाळाला एक मऊ पट्टी बांधून झोपायचं, एवढंच काम होतं.

"बघा, आपण नव्या जागी गेलो की पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही," डॉक्टर समजावू लागल्या. "पाहुण्यांकडे, हॉटेलात, कुठेही. त्याचं कारण असं की अनोळखी जागी मेंदूचा एक अर्धा भाग गाढ झोपतो आणि दुसरा अर्धा जागल्यासारखा राहतो. बारीकसा आवाज आला तरी तो उठवतो. बदकांमध्ये तर हे डोळ्यांनी दिसतं. थव्याच्या कडेला झोपलेलं बदक बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवतं. मधलं बदक दोन्ही डोळे मिटतं."

"आणि आमचं?" यशोधरेनं विचारलं.

"माणसाचा हा पहारा एक-दोन रात्रींत उठतो. तुमची मुलगी बघा, दोन्ही भाग सारखे गाढ. तुमच्यात थोडा पहारा शिल्लक आहे. तुमच्या वडिलांचा मात्र..." डॉक्टरांनी दौलतरावांच्या आलेखावर बोट ठेवलं. "चार वर्षांनंतरही ते रोज पहिल्याच रात्रीची झोप झोपताहेत."

दौलतराव हसले. "चार नाही हो मॅडम. सत्तरीचा झालो मी."

यशोधरेला ते हसू परिचयाचं होतं. तिच्या लहानपणी बाबा वीज मंडळात उपकेंद्रावर ऑपरेटर होते. आर्वी, अचलपूर, यवतमाळ, वणी अशा बदल्या होत गेल्या आणि दर गावात भाड्याची खोली शोधावी लागली. कधी आडनाव ऐकून खोली मिळायची नाही. कधी मिळायची आणि मग कुणीतरी घरमालकाच्या कानाला लागायचं. बाबांना रात्री कधीही उठवलं तरी ते पहिल्या हाकेला "हाव" म्हणायचे. आपले वडील फार सावध आहेत, याचा तिला लहानपणी अभिमान वाटायचा. तो सावधपणा आजार असू शकतो हे तिला आज कळत होतं.

डॉक्टरांकडे उपायही होता. मेंदूच्या मुळाशी निळसर पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. धोका आहे की नाही, जागं राहायचं की नाही, याची सूचना बऱ्याच अंशी तिथून जाते. गाढ झोपेत मेंदूत विजेच्या संथ लाटा उठतात. त्या लाटांच्या नेमक्या चढावर कानाशी एक अगदी हलका नाद वाजवला, तर त्या पेशी शांत होतात आणि पहारा उठतो, असं त्यांच्या गटाला आढळलं होतं. पट्टी लाट ओळखायची आणि नाद सोडायची. औषध नाही, सुई नाही. "सुखवास"नं आपल्या इमारतींमध्ये ही चाचणी करायला आनंदानं परवानगी दिली होती.

"मी घेते," यशोधरा म्हणाली.

"मले नको," दौलतराव म्हणाले आणि चप्पल पायात सरकवून उठले.

*

पहिल्या आठवड्यात फारसं काही झालं नाही. नंतर एका सकाळी उत्पलानं आईला हलवून उठवलं. "आई, कॉलेज नाही का तुला? किती हाका मारल्या!"

यशोधरा कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. तिला असं कधी कुणाला उठवावं लागलं नव्हतं. ती बिछान्यात बसून राहिली. अंग हलकं झालं होतं, खिडकीतून उजेड आत आला होता आणि समोरची पिवळट भिंत तिला एकदम आपली वाटली. चार वर्षं जिला ती "ही यांची भिंत" म्हणत आली होती, तीच.

त्यानंतरचे दोन महिने तिच्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. उत्पलाशी होणारी खडाजंगी थांबली. पेपर तपासताना डोकं चढेनासं झालं. त्याच मजल्यावरच्या बायकांशी ओळखी झाल्या, कारण त्याही पट्टी लावत होत्या आणि त्यांनाही असंच वाटत होतं. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे बघून हसू लागले होते.

याच दिवसांत तिच्या मनात नवऱ्याचा विचार वेगळ्या रीतीनं येऊ लागला. सुमेध मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात अभियंता होता. तो तिथे गेला तेव्हा उत्पला तिसरीत होती, आता नववीत होती. जाण्याचं कारण एकच, घर. जामठ्याच्या पुढे बांधकाम चाललेल्या एका मोठ्या संकुलात त्यांनी चार खोल्यांचं घर नोंदवलं होतं. आणखी तीन-चार वर्षं तिकडे काढली की ते पूर्ण त्यांचं झालं असतं. यशोधरेच्या फोनवर त्या बांधकामाचे फोटो दर महिन्याला यायचे. पूर्वी ती ते मोठे करून बघायची. आता उघडतही नव्हती.

एका रविवारी तिनं सुमेधला पडद्यावर बोलावलं आणि सरळच सांगितलं.

"सुमेध, ते घर सोडून देऊ. तू परत ये."

तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला. पाठीमागे त्याच्या खोलीतला लोखंडी पलंग दिसत होता.

"ऐकलंस का? मला इथे छान वाटतं. खरंच. घर कशाला हवं होतं आपल्याला? सुखासाठीच नं? मग ते सुख इथेच आहे. तू तेवढा नाहीस."

"बाबांना विचारलंस?"

"नाही."

"यशो," तो म्हणाला, "मी गेली दोन वर्षं हे तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघतोय. मला म्हणता येत नव्हतं." आणि त्यानं चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. तो रडतोय हे तिला थोड्या वेळानं कळलं.

*

दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते जेवणाच्या टेबलापाशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. एक एक दाणा वाटीत पडत होता.

"जावयाले बोलाव," ते म्हणाले. "पोरीले बाप पाहिजे. पण घर काहून सोडून राहिली?"

"बाबा, इथे काय कमी आहे? कुणी आडनाव विचारत नाही. करार यंत्र करतं. आता ते दिवस राहिले नाहीत."

"हाव. नसतील राहिले."

"मग?"

त्यांनी शेंग खाली ठेवली. "यवतमाळची गोष्ट तुले माहीत नाही. तू दोन वर्षांची होती. घरमालकीण मोठी चांगली बाई. तुह्या आईले कढी आणून द्यायची वाटीत. तुले मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस माह्या नावाचं ऑफिसचं पाकीट तिच्या हातात पडलं. तिनं पूर्ण नाव वाचलं, मंग गाव विचारलं, मंग मोहल्ला विचारला. संध्याकाळी सांगते, भाऊ, माझा भाचा येऊन राहिला शिकायले, खोली लागते. भांडली नाही. डोळ्यात पाणी आणून बोलली. तुह्या आईनं चुलीवरची डाळ उतरवली, ते भगुणं तसंच फडक्यात बांधलं, आणि आम्ही सायकलवर सामान लादलं."

यशोधरेनं टेबलावरची टरफलं एका बाजूला लोटली.

"भाचा आलाच नाही. मी ड्युटीवर त्याच रस्त्यानं जायचो. वर्षभर त्या खोलीले कुलूप दिसे." ते पुन्हा शेंगा फोडू लागले. "मी सुखासाठी घर मागून नाही राहिलो बाई. सुखी त्या खोलीतही होतो आम्ही. लय सुखी होतो. 'आता निघा' म्हणणारं तोंड दुनियेत असू नये, एवढंच पाहिजे मले."

यशोधरेला त्या गोष्टीचं वाईट वाटलं. ते वाईट वाटणं एखाद्या जुन्या वर्तमानपत्रातली बातमी वाचल्यासारखं होतं. ती उठली, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ते झालं बाबा. आता शांत व्हा." पुढच्याच आठवड्यात तिनं संकुलाच्या कार्यालयाला नोंदणी रद्द करायला कळवलं. सुमेधनं राजीनामा दिला.

*

नोटीस आली ती एका सकाळी, सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी. "सुखवास" कंपनी ही इमारत रिकामी करून तिथे थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या प्रवाशांची निवासं करणार होती. रहिवाशांना कंपनीच्या शहराबाहेरच्या दुसऱ्या इमारतीत हलवण्यात येणार होतं. खोल्या थोड्या लहान, पण झोपेची सोय हीच राहील, असं त्यात आवर्जून लिहिलं होतं.

यशोधरेनं नोटीस वाचली, फोन बाजूला ठेवला आणि पोह्यांना फोडणी दिली.

इमारतीतल्या काही जणांनी रविवारी सभागृहात बैठक ठेवली. बाबा खाली गेले आहेत म्हणून ती त्यांना बोलवायला गेली, तर दीडशे खुर्च्या मांडलेल्या सभागृहात जेमतेम पंधरा माणसं होती. दौलतराव इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. बोलणारा गृहस्थ पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होता. बसलेल्यांपैकी एकही जण पट्टी लावणारा नव्हता, हे यशोधरेच्या लक्षात आलं. पट्टी लावणारे सगळे वर आपापल्या घरी होते. सुखी होते.

ती दारातच थांबली. उत्पलाची शाळा इथून दोन रस्ते पलीकडे होती. मैत्रिणी इथे होत्या. तिचं स्वतःचं कॉलेज इथून जवळ होतं. सुमेध सगळं सोडून या घरी यायला निघाला होता. आणि चार ओळींच्या मजकुरानं त्यांना उठवलं जात होतं, गोडीनं, झोपेची काळजी घेत. आपल्याला संताप यायला हवा, असं तिला कळत होतं. पडलेला दात जिभेनं चाचपावा तसा तिनं तो संताप चाचपून पाहिला. तिथे काहीच नव्हतं.

तेव्हा ती घाबरली. आणि ती भीतीही फार वेळ टिकणार नाही हे जाणवून ती तशीच, घरच्या कपड्यांवर, डॉ. गंधे यांच्या घरी गेली.

"मला राग येत नाहीये डॉक्टर," ती म्हणाली. "मला तो यायला हवाय."

डॉ. गंधे यांनी तिचं सगळं ऐकलं. मग लॅपटॉप उघडून बराच वेळ दर आठवड्याच्या भेटीत दिवसा घेतलेल्या नोंदी पाहत राहिल्या. त्यांचा चहा तसाच निवला.

"रात्री ज्या पेशी शांत होतात, त्या दिवसाही थोड्या शांत राहताहेत," अखेर त्या म्हणाल्या. "म्हणजे मेंदूला वाटतंय की धोका नाही. खरा धोका असला तरी." त्यांनी चष्मा काढला. "आम्ही दर आठवड्याला तुम्हाला विचारत होतो, तुम्ही समाधानी आहात का? सगळे हो म्हणत होते. मला वाटलं, प्रयोग यशस्वी झाला. समाधानाला कारण आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही."

"मग आता?"

"मी चाचणी थांबवते. कंपनीला आवडणार नाही, पण निर्णय माझा आहे. तुमची जुनी झोप परत येईल यशोधराताई. ती चांगली झोप नव्हती, हे लक्षात ठेवा."

"माझी होती," यशोधरा म्हणाली.

राग परतायला वीसेक दिवस लागले. तो आला तेव्हा ती वर्गात नकाशावर नद्यांची खोरी दाखवत होती. बाबांना आपण "शांत व्हा" म्हणालो, हे तिला आठवलं आणि तिचा हात नकाशावरच थांबला. त्या दिवशी घरी येऊन ती वडिलांसमोर बसली. "ती यवतमाळची बाई," ती म्हणाली, "तिचं नाव काय होतं?" दौलतरावांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आली तू? बरं झालं."

*

पुढची बैठक भरगच्च झाली. भांडून इमारत काही वाचली नाही, फक्त मुदत वाढली आणि शाळेचं वर्ष निभावलं. तेवढ्यात सुमेध आला. विमानतळावर उत्पला त्याच्याशी हात मिळवावा की गळ्यात पडावं, अशी घुटमळत उभी राहिली. तो प्रसंग यशोधरा कधी विसरली नाही.

संकुलातलं मोठं घर गेलं होतं आणि त्याचं दोघांनाही दुःख नव्हतं. सुमेधला बुटीबोरीच्या एका कारखान्यात मस्कतच्या मानानं साधीच नोकरी मिळाली. तिथेच जवळच्या जुन्या वसाहतीत त्यांनी एक बैठं घर विकत घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे मोरी. न्हाणीघराचं दार लागायचं नाही. उत्पला पहिले दोन आठवडे मैत्रिणींसाठी रडली. यशोधरेला कॉलेजला जायला दुप्पट वेळ लागू लागला. घर घेतलं की सुखाचा पूर येतो अशी तिची कल्पना होती, तसं काही झालं नाही. नळ गळत होता. पण गळणारा नळ बदलायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, आणि सुमेध रोज संध्याकाळी त्याच दारातून आत येत होता.

दौलतरावांसाठी तिनं पुढची हवेशीर खोली ठेवली. आता बाबा झोपतील, अशी ती वाट बघत राहिली. एक महिना गेला, चार गेले. रात्री पाणी प्यायला उठावं तर अंधारातून विचारणा व्हायचीच, "कोण? यशो का?"

एकदा न राहवून ती म्हणाली, "बाबा, आता तर आपलं आहे नं हे घर? रजिस्ट्री तुमच्या नावानं केली."

"हाव. मले माहीत आहे." त्यांनी डोक्याला बोट लावलं. "याले माहीत नाही."

तिनं डॉ. गंधे यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मालकीच्या घरात राहणारीही माणसं होती. भावाभावांचं वैर असलेल्या घरात, चार पिढ्यांच्या मालकीच्या घरातही पहारा सापडला आम्हाला. मेंदू रजिस्ट्री वाचत नाही, एवढं मी सांगू शकते. तो काय वाचतो, ते अजून मलाही कळलेलं नाही. तुमचे वडील पट्टी लावतील का पुन्हा? फक्त मोजायला?"

दौलतराव नाही म्हणाले.

*

शेजारी इंदूताई भोयर राहायच्या. साठीच्या, एकट्या, मोठ्या आवाजाच्या. पहिल्याच दिवशी कुंपणावरून त्यांनी दौलतरावांना पूर्ण नाव विचारलं होतं. दौलतराव ताठ झाले होते आणि एक एक अक्षर तोडून त्यांनी नाव सांगितलं होतं. इंदूताई "बरं" म्हणाल्या आणि पाणी सकाळी किती वाजता येतं ते सांगू लागल्या. त्यावर दौलतरावांनी घरात येऊन एवढंच म्हटलं होतं, "पाहू."

हिवाळ्यात इंदूताईंची मुलगी गोंदियाला बाळंत व्हायची होती. निघायच्या सकाळी त्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि दौलतरावांपुढे किल्ली धरली.

"भाऊ, ही घराची. मोटर लावून टाकी भरत जा. मांजर येते मागच्या दारी, तिला थोडं दूध."

दौलतरावांनी हात पुढे केला नाही. "मलेच काहून देता? वसाहतीत लोक आहेत तुमच्या ओळखीचे."

"आहेत की. पण तुम्हाला झोप नाही, असं यशोधरा सांगत होती." इंदूताईंनी किल्ली त्यांच्या हातात कोंबली. "चोर आला तर तुम्हालाच कळेल. बाकीचे घोरतात."

यशोधरेनं आतून ते ऐकलं आणि जीभ चावली. पण बाबा हसत होते. असं मोकळं हसताना तिनं त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ शेजारी जाऊ लागले. टाकी भरायची, दिवा लावायचा, मांजरीला दूध घालायचं. मांजर दौलतरावांच्या मागे मागे कुंपण ओलांडून इकडे येऊ लागली. जेवताना ते "तिकडच्या घराची" कौलं पावसाआधी बघायला हवीत, असं बोलू लागले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

महिनाभरानंतरची गोष्ट. यशोधरा दुपारी कॉलेजातून आली तर ओट्याच्या पायरीवर इंदूताई बसल्या होत्या. शेजारी पिशव्या, गोंदियाहून आणलेलं तांदळाचं पोतडं.

"अगं, केव्हाची बेल वाजवते आहे," त्या म्हणाल्या. "भाऊ आहेत का घरात? दार बंद आहे, चपला तर ओट्यावरच दिसताहेत. खिडकी वाजवली, हाका मारल्या."

बाबा आत आहेत आणि बेल ऐकून उठले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. यशोधरेनं आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं आणि पर्स तिथेच टाकून पुढच्या खोलीत धावली.

दौलतराव कुशीवर झोपले होते. तोंड उघडं होतं. पायाशी मांजर वेटोळं करून पडली होती. यशोधरेनं त्यांच्या नाकापाशी हात नेला. उष्ण, संथ, लांब श्वास तिच्या बोटांना लागला, मग दुसरा लागला. ती जवळ उभी असूनही ते हलले नाहीत. मांजरीनं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटून घेतला.

इंदूताई मागून आल्या होत्या. "काय गं? बरं आहे नं?"

यशोधरेनं ओठांवर बोट ठेवलं. इंदूताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि आपला मोठा आवाज जमेल तेवढा बारीक केला.

"असू दे. किल्ली काय, उठल्यावर देतील. मी बसते तुझ्याकडेच." आणि त्या चपला हातात घेऊन, पाय न वाजवता, स्वयंपाकघरात गेल्या.